तोट्याची नोंद

व्यापाऱ्याची खरी पत तोट्याच्या वर्षी कळते. नफ्याचा आकडा सारेच ठळक लिहितात. तोट्याचा आकडा जो त्याच पानावर, तितक्याच स्वच्छ अक्षरात मांडतो, त्याच्या खातेवहीवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. लार्स पीटरसन यांच्या कारकिर्दीला हीच कसोटी लावून पाहण्यासारखी आहे.

गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत, काही मिलिमीटर जाडीचा थर असतो. त्याच्यामुळेच हाडावर हाड घासत नाही. परंतु या थरात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून त्वचेची जखम भरून येते तशी कूर्चेची जखम भरून येत नाही. 1743 साली विल्यम हंटर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच निरीक्षण मांडले होते. त्यानंतर जवळजवळ अडीच शतके वैद्यकाने ते अटळ मानले.

डॉ. पीटरसन यांचा व्यासंग खेळाडूंच्या दुखापतींचा. पडल्यामुळे वा गुडघा मुरगळल्यामुळे कूर्चेत खड्डा पडलेले तरुण त्यांच्याकडे येत. कृत्रिम सांधा बसवावा, तर वय कोवळे. तसेच सोडावे, तर पुढील सारे आयुष्य वेदनेचे. हाडाला छिद्रे पाडून खड्डा भरू देण्याचा उपाय होता, पण त्यातून येणारी ऊती तंतुमय, मूळ कूर्चेहून कमी टिकाऊ असे. मग रुग्णाच्या स्वतःच्या पेशीच वाढवून परत का देऊ नयेत? न्यूयॉर्क येथे सहकाऱ्यांसह सशांवर प्रयोग झाले आणि 1987 साली गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णावर ही शस्त्रक्रिया झाली.

तिची रीत अशी : गुडघ्याच्या कमी भार पडणाऱ्या कडेवरून दुर्बिणीच्या साहाय्याने कूर्चेचा लहानसा तुकडा घ्यायचा. प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे त्यातील पेशी वाढवायच्या. नंतर गुडघा उघडून खड्डा स्वच्छ करायचा, नडगीच्या हाडावरील पातळ आवरणाचा तुकडा त्यावर शिवायचा आणि त्याखाली त्या पेशी सोडायच्या. भांडवल रुग्णाचेच, वैद्याने ते केवळ वाढवून परत केले.

1994 साली डॉ. मॅट्स ब्रिटबर्ग, डॉ. पीटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या 23 रुग्णांचा हिशेब ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. मांडीच्या हाडाच्या टोकावरील खड्डे असलेल्या 16 रुग्णांपैकी 14 जणांना दोन वर्षांनंतर चांगला वा उत्तम गुण आला होता. परंतु गुडघ्याच्या वाटीवर शस्त्रक्रिया झालेल्या 7 जणांपैकी असा गुण केवळ दोघांनाच आला. हे सात रुग्ण वगळून लेख लिहिला असता, तर तो अधिक चमकदार दिसला असता. तो मोह या चमूने टाळला.

त्या नोंदीचे व्याज पुढे मिळाले. वाटी आपल्या खाचेतून नीट सरकत नसेल, तर नवी कूर्चाही घासली जाते, हे ध्यानात आले. वाटीची दिशा त्याच वेळी सुधारली जाऊ लागली आणि पुढील रुग्णांत निष्कर्ष सुधारले. तोटा लपविला असता, तर त्याचे कारण शोधण्याची गरजच कोणाला वाटली नसती.

1997 मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. तरीही हिशेब तेथे बंद झाला नाही. 2004 साली नॉर्वेतील 80 रुग्णांच्या तुलनेत, दोन वर्षांनंतर ही पद्धत हाडाला छिद्रे पाडण्याच्या सोप्या पद्धतीहून सरस ठरली नाही. कोणत्या रुग्णाला कोणता उपाय योग्य, याचा विचार त्यामुळे अधिक काटेकोर झाला.

आपल्या घरोघरी गुडघ्यांचे दुखणे आहे. दिवसभर दुकानाच्या गादीवर बसून संध्याकाळी भिंतीचा आधार घेत उठणारे वडीलधारे कोणत्या कुटुंबात नाहीत? ‘कूर्चा पुन्हा तयार करून देतो’ अशी जाहिरात वाचून त्यांचे मन हरखणे स्वाभाविक आहे. परंतु 1994 च्या त्या लेखातील रुग्ण 14 ते 48 वर्षे वयाचे होते आणि त्यांचे खड्डे मर्यादित होते. वयोमानाने सर्वत्र झिजलेल्या गुडघ्यासाठी हा उपचार नाही. तेथे वजन आटोक्यात ठेवणे, मांडीचे स्नायू बळकट करणारा नियमित व्यायाम आणि आवश्यकच असेल तर सांधेबदल, हाच मार्ग आहे. तरुणांनाही शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे कुबड्या आणि कित्येक महिने व्यायाम चुकत नाही.

म्हणून मोठ्या खर्चाला होकार देण्यापूर्वी शल्यविशारदाला दोन प्रश्न नम्रपणे विचारावेत : माझ्यासारख्या किती रुग्णांना गुण आला? आणि ज्यांना आला नाही, त्यांना तो का आला नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जो न अडखळता देतो, त्याच्या हाती गुडघा निर्धास्तपणे सोपवावा.