रिपोर्ट हाती आल्यावर

भगिनींनो, पॅप तपासणीच्या रिपोर्टात 'पेशींत बदल' असं दिसलं की पोटात गोळाच येतो. पण ही चाळणी आहे, निदान नव्हे. चाळणीत वर राहिलेला प्रत्येक दाणा काही खडा नसतो!

'एएससी-यूएस' म्हणजे पेशी जराशा वेगळ्या, कारण अनिश्चित. साधी सूजही असू शकते. पुन्हा तपासणी किंवा एचपीव्ही चाचणी करतात. 'एलएसआयएल' हा सौम्य बदल, बहुधा एचपीव्ही विषाणूमुळे; पुष्कळदा आपोआप निवळतो. 'एचएसआयएल' मात्र अंगावर काढायचं नाही. हाही बहुधा कॅन्सर नसतो, पण उपचार न केल्यास काही वर्षांनी होऊ शकतो. दुर्बिणीने गर्भाशयाचं तोंड पाहून, लागल्यास तुकडा तपासतात.

वेळेवर तपासण्याचा उपयोग होतो. टाटा रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत पाहणी सुरू केली. आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून तपासलेल्या बायकांच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

तेव्हा अलिबाग-मुरुडच्या मैत्रिणींनो, गणपती होऊ देत, पाहुणे जाऊ देत, असं म्हणत पुढची तारीख टाळू नका. त्यासाठी लाँचने मुंबई गाठावी लागली तरी चालेल. घरच्यांना स्पष्ट सांगा, रिपोर्ट पिशवीत घाला आणि निघा.