टेस्ट क्र. ११७

'युनिट टेस्ट' म्हटलं की मला अजून कॉन्व्हेंटची २० मार्कांची परीक्षाच आठवते. माझा लातूरचा रूममेट तिला घटक चाचणी म्हणतो. सॉफ्टवेअरमध्येही तेच. एक फंक्शन घ्यायचं, ठरावीक इनपुट द्यायचं अन् उत्तर मशीननेच तपासायचं. जावाचं जेयुनिट केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली झुरिक-अटलांटा विमानात बसल्या बसल्या लिहिलं. आपण नांदेड-लातूर एस.टी.त झोपा काढतो, असो!

गेल्या सेमिस्टरला आम्ही चौघांनी मेसच्या बिलाचा प्रोजेक्ट केला. उत्साहाच्या भरात १८० टेस्ट लिहिल्या. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये, नावं टेस्ट१, टेस्ट२... निम्म्या डेटाबेसपर्यंत जाऊन यायच्या, त्यामुळे पूर्ण संच चालायला २० मिनिटं. मग कोण चालवतंय? शेवटी आम्ही तारखेचं फंक्शन बदललं आणि फक्त तारखेच्याच टेस्ट चालवल्या. सगळ्या पास! पण त्याच फंक्शनवर बिल अवलंबून होतं. ऑक्टोबरअखेर दिवाळीला गावी गेलेल्यांची नोव्हेंबरमधली रजा बिलातून कापलीच गेली नाही. फर्स्ट इयरचा एक मुलगा वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडून आला, तेव्हा कळलं. ही चूक पकडणारी टेस्ट आमच्याकडे होती हो! टेस्ट११७.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की टेस्ट किती लिहिल्या यापेक्षा त्या लावल्या कशा हे बघावं. जेयुनिट ५ मध्ये (२०१७) टॅग आहेत, पायथॉनच्या पायटेस्टमध्ये मार्कर. जलद टेस्ट दर बदलाला, डेटाबेसवाल्या कोड जमा करण्याआधी, आणि रात्री एकदा सगळ्या. रात्रीची फेरी चुकवायची नाही, कारण निवड करताना आपला अंदाज चुकतोच. आमचा चुकला.

लातूर पॅटर्न म्हणजे नुसता टेस्टचा भडिमार, असं मी समजत होतो. रूममेट म्हणतो, चुकलेली गणितं वेगळी काढून परत सोडवायची, खरी मेहनत तिथे आहे. आणि आपण? रिपोर्टमधलं 'टेस्टिंग' प्रकरण सबमिशनच्या आदल्या रात्री सिनियरच्या फाईलवरून उतरवतो. सरांनी व्हायव्हात टेस्टची संख्या न विचारता, 'एक चालवून दाखव' म्हणावं. बघा किती जण उभे राहतात!

त्या मुलाचे पैसे पुढच्या बिलात वळते झाले. टेस्ट११७ चं नाव आता 'महिना बदलला तरी रजा कापली जाते' असं आहे, आणि ती जलद गटात आहे.