मेरिटचा तराजू आणि बाजूचे दार

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या वर्गातल्या एखाद्या पोराने सवलतीचे नाव काढले की ‘मेरिट’ हा शब्द छडीसारखा उगारला जातो. पाठोपाठ अमेरिकेचा दाखला येतो: तिथे बघा, फक्त लायकी चालते. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या प्रवेशातला वंशाचा विचार बेकायदा ठरवला, तेव्हा आपल्याकडच्या कित्येकांना आपल्याच घरचा खटला जिंकल्यासारखे झाले. त्यांना माझा एकच सवाल आहे. त्या निकालानंतरही हार्वर्डचे एक दार सताड उघडे राहिले. त्यातून खेळाडू आत जातात. तिथे तुमचे मेरिट कुठे जाते?

आधी हे दार चालते कसे ते समजून घेऊ. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनसह आठ विद्यापीठांचा ‘आयव्ही लीग’ हा संघ मुळात खेळाच्या स्पर्धांसाठी आहे. त्याचा करार १९५४ सालचा. आम्ही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही, असे ही विद्यापीठे अभिमानाने सांगतात. खरे आहे. शिष्यवृत्ती नसते, पण जागा असते. प्रशिक्षक आपल्याला हवी असलेली मुले हेरतो आणि त्यांची नावे प्रवेश कार्यालयाकडे देतो. बाकीची मुले जानेवारीपर्यंत अर्ज भरतात आणि मार्चअखेरपर्यंत जीव मुठीत धरून बसतात. हेरलेल्या खेळाडूच्या हातात मात्र ऑक्टोबरपासूनच ‘तुझा प्रवेश बहुधा होईल’ असे पत्र पडू शकते. शाळेचे गुण आणि परीक्षेचे गुण मिळून एक शैक्षणिक निर्देशांक काढला जातो. या खेळाडूंची सरासरी इतर विद्यार्थ्यांच्या सरासरीपेक्षा खाली चालते, फक्त ठरावीक मर्यादेपलीकडे घसरू नये एवढेच बंधन. म्हणजे कमी गुण घेण्याची मुभा नियमातच लिहिलेली आहे.

आता आकडे पाहा. ते हार्वर्डच्याच खटल्यातून बाहेर आले. अर्ज करणाऱ्यांत हेरलेले खेळाडू एक टक्काही नव्हते, पण प्रवेश मिळालेल्यांत दहा टक्क्यांहून जास्त. त्यांच्यातल्या ८६ टक्क्यांना प्रवेश मिळाला. साध्या विद्यार्थ्याला ही संधी सहा टक्क्यांच्या आसपास. हार्वर्ड अभ्यासासाठी एक ते सहा अशी श्रेणी देते, एक सर्वांत वरची. चौथ्या श्रेणीतल्या खेळाडूला प्रवेशाची शक्यता सुमारे ७० टक्के होती. त्याच श्रेणीतल्या इतरांपैकी हजारात एकालाही नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून ठेवा. फिर्यादी पक्षाच्या अर्थतज्ज्ञाने आपल्या मुख्य गणितातून हे खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापकांची मुले आणि देणगीदारांशी संबंधित मुले बाजूला काढली. कारण त्यांच्या प्रवेशाची रीतच वेगळी. वा! मेरिटसाठी कोर्टात जायचे आणि जिथे मेरिट सर्वांत जास्त वाकते ती रांग मोजायचीच नाही. पुढे त्याच तज्ज्ञाने सहकाऱ्यांबरोबर याच रांगेवर निबंध लिहिला. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त या चार गटांतले निघाले. कृष्णवर्णीय, आशियाई आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आत.

कुणी म्हणेल, खेळ हीही लायकीच ना? अलबत आहे. पहाटे चारला उठून सराव करणाऱ्या मुलाचा घाम मला पुस्तकातल्या धड्याइतकाच पाक वाटतो. बास्केटबॉल आणि फुटबॉलच्या जोरावर गरीब घरची मुलेही तिथे पोहोचतात. पण हार्वर्डमध्ये चाळीसहून जास्त संघ आहेत, आणि त्यांत स्क्वॉश, तलवारबाजी, शिडाच्या होड्या, वॉटर पोलो, गोल्फही येतात. होडी वल्हवायला आधी क्लब लागतो, प्रशिक्षक लागतो, गावोगावच्या स्पर्धांचा खर्च लागतो. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की परीक्षेत सारखेच गुण असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले मध्यमवर्गीय मुलांपेक्षा दुपटीहून जास्त प्रमाणात अशा विद्यापीठांत पोहोचतात. त्यांनी दिलेल्या तीन कारणांपैकी एक म्हणजे खेळाडूंची ही भरती. घामाच्या नावावर उघडलेल्या दारातून बापाची थैली आत जाते, ती अशी.

थैलीवाल्यांनी ते बरोबर ओळखले. मार्च २०१९ मध्ये रिक सिंगर याचे प्रकरण उघड झाले. प्रशिक्षकांना पैसे चारून तो खेळ न खेळणाऱ्या मुलांना खेळाडू म्हणून आत सरकवत असे. येलचा फुटबॉल प्रशिक्षक आणि स्टॅनफर्डचा होड्यांचा प्रशिक्षक दोषी ठरले. सिंगर स्वतः या वाटेला ‘बाजूचे दार’ म्हणायचा. पण दार त्याने बांधले नव्हते, ते आधीपासून होतेच. प्रशिक्षकाच्या एका शब्दावर जागा मिळते म्हणूनच त्या शब्दाला बाजारात भाव आला.

आपल्याकडेही खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. त्यातही गैरप्रकार होत असतील. पण कोणत्या पातळीच्या स्पर्धेला किती गुण, हे शासन निर्णयात छापलेले असते. कुणीही वाचावे, कुणीही जाब विचारावा. तिथे मात्र कोणत्या संघाला किती जागा आणि किती खालचे गुण चालले, हे कळायला वर्षानुवर्षे खटला चालावा लागला.

दुसरा रस्ता नाही असे नाही. कॅलटेक ही विज्ञानाची नामांकित संस्था खेळाडूंसाठी प्रवेशाची पट्टी खाली आणत नाही. परिणामी तिचा बास्केटबॉल संघ आपल्या गटात सलग ३१० सामने हरला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एकदाचा जिंकला. एवढे हरून संस्थेची इज्जत तसूभरही कमी झाली नाही. मुले खेळली, हरली, आणि सकाळी वर्गात जाऊन बसली.

हार्वर्ड-येलनेही प्रशिक्षकाच्या यादीतली जागा बंद करावी. खेळ अर्जात जरूर मोजावा, पण वाद्य वाजवणे किंवा दुकानात काम करून घर चालवणे जसे मोजता तसाच. तेवढी हिंमत नसेल तर निदान आकडे दरवर्षी छापावेत.

आणि इथल्या मेरिटवाल्यांनो, गरिबाच्या पाच गुणांसाठी तराजू काढता, तर होडीतून येणाऱ्यालाही त्याच पारड्यात बसवा. ते जमत नसेल तर माझ्या पोरांसमोर मेरिटचे नाव घेऊ नका.