घरोघरच्या वीजतपासणीची सनद कोणाच्या हाती?

अकलोलीच्या कुंडांत भूगर्भातून उष्ण पाणी अखंड येते आणि त्याचे बिल कोणी पाठवीत नाही. कुंडांजवळच्या वस्तीत सिमेंटच्या पत्र्याखाली राहणाऱ्या मजुराच्या घरातील उष्णता मात्र फार महाग पडते. वैशाखात तेथे पंखा रात्रंदिवस फिरतो आणि त्याचे देणे भिवंडीच्या गोदामांतील हमालीतून भागवावे लागते. या घरात वीज कोठे वाया जाते, हे सांगणारा जाणकार तेथे कधी पोहोचणार आणि तो कोणाचा माणूस म्हणून येणार, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो; वस्तुतः तो राजकीय आहे.

ऊर्जा संवर्धनाचा कायदा 2001 साली झाला. त्यानुसार ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला आणि ऊर्जा लेखापरीक्षकांच्या राष्ट्रीय परीक्षा सुरू झाल्या. परंतु त्या परीक्षेस बसण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी व तीन वर्षांचा अनुभव, किंवा पदविका व सहा वर्षांचा अनुभव लागतो. कारखान्यांच्या तपासणीसाठी ही अट रास्तच आहे. घरांसाठी 2018 साली ‘इको निवास संहिता’ आली; तिचा रोख 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींकडे आहे. म्हणजे अकलोलीचे घर दोन्हींच्या कक्षेबाहेर राहिले. डिसेंबर 2021 मध्ये ब्यूरोने घरगुती ऊर्जा तपासणीच्या प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम जाहीर केला आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांनाही त्यात स्थान दिले. ही दिशा योग्य आहे. म्हणूनच तिचे पुढे काय होते, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

अशा तपासणीने गरिबाचे काय भले होणार, असे विचारणाऱ्यांनी साधा हिशेब करावा. 75 वॅटचा जुना पंखा दिवसाला बारा तास चालला, तर महिन्याला 27 युनिटे जळतात. 30 वॅटच्या नव्या पंख्याला 11 युनिटेही लागत नाहीत. दोन पंख्यांमागे 32 युनिटे वाचतात. राज्यात घरगुती ग्राहकास 100 युनिटांच्या पुढे विजेचा दर सुमारे दुपटीने लागतो. 125 युनिटे वापरणारे कुटुंब एवढ्यानेच त्या उंबरठ्याच्या अलीकडे येते. पत्र्याला वरून चुन्याची सफेदी दिली तर खोलीचा ताप उतरतो, तो लाभ वेगळाच. हे सांगण्यास पदवी लागत नाही. नीट शिकलेला, गावाला ओळखणारा आणि कोणाच्या दावणीला न बांधलेला तरुण लागतो.

धोका नेमका येथेच आहे. इंग्लंडमध्ये ऑगस्ट 2007 पासून घरविक्रीच्या वेळी माहितीसंच आणि ऊर्जा प्रमाणपत्र टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. सरकारी सक्तीच्या भरवशावर खाजगी प्रशिक्षणवर्गांची दुकाने थाटली गेली आणि अनेकांनी पदरचे हजारो पौंड मोजून सनद घेतली. मे 2010 मध्ये नव्या सरकारने माहितीसंच रद्द केला. ऊर्जा प्रमाणपत्र तेवढे उरले. शिक्षणशुल्क घेणाऱ्यांचे काही बिघडले नाही, ते भरणारे मात्र बुडाले. महाराष्ट्राला हा अनुभव परका नाही. गल्लोगल्ली डी. एड. महाविद्यालये निघाली, पालकांनी जमिनी गहाण टाकून शुल्क भरले आणि 2012 नंतर शिक्षकभरती वर्षानुवर्षे थंडावली. कामाची हमी न देता सनदा विकणे, ही बेकारांच्या आशेवर बसवलेली पट्टीच होय.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. तपासनीसाला घरमालकाने पैसे द्यायचे ठरले, तर तो श्रीमंतांच्याच दारी जाईल. पंखे आणि सौर पॅनेल विकणाऱ्या कंपनीने त्याचा मेहनताना द्यायचा ठरले, तर तो तपासनीस न राहता दलाल होईल. वैद्याला औषधविक्रेत्याने पोसावे आणि रोग्याने त्याच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवावा, अशी ही व्यवस्था ठरेल.

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. हे प्रशिक्षण शासकीय आयटीआयमध्ये, मराठीतून आणि विनाशुल्क मिळावे. वायरमनचे काम करणाऱ्या अनुभवी तरुणांना आणि आदिवासी मुलामुलींना त्यात अग्रक्रम असावा. नोंदणी राज्याच्या महाऊर्जा संस्थेकडे व्हावी, नाममात्र खर्चात व्हावी आणि नोंदणीकृतांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. विक्रेत्याकडून कमिशन घेणाऱ्याचे नाव यादीतून कमी व्हावे. अल्प वीज वापरणाऱ्या कुटुंबाकडून एक पैसाही न घेता तपासनीसाचा मेहनताना राज्याच्या ऊर्जा संवर्धन निधीतून द्यावा. तसा निधी उभारण्याची तरतूद 2001 च्या कायद्यातच आहे. मोठ्या बंगल्यांनी आणि गोदामांनी आपला खर्च आपण सोसावा. तपासणीनंतर पंखा बदलण्यास कुटुंबाजवळ पैसे नसतील, तर तेही हप्त्याने, बिनव्याजी मिळाले पाहिजेत. नाहीतर अहवालाचा कागद चुलीत जाईल.

काटकसरीचा उपदेश गरिबाला आजवर पुष्कळ झाला. वास्तविक सर्वांत कमी वीज तोच वापरतो आणि उन्हाचा सर्वाधिक ताप त्यालाच होतो. त्याच्या घराची तपासणी हा सार्वजनिक सेवेचा भाग ठरला, तर अकलोलीच्या मुलाला गोदामातील हमालीखेरीज दुसरे काम मिळेल आणि त्याच्याच आईच्या घरातील विजेचा भार उतरेल. ती बाजाराच्या हवाली केली, तर सनदांचा आणखी एक धंदा तेवढा उभा राहील.