अमोघ शक्ती आणि अधीर हात

कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राकडून मिळालेली अमोघ शक्ती कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवली होती. ती एकदाच वापरता येणार होती. परंतु रात्रीच्या युद्धात घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडवली, सर्वांनी आकांत मांडला आणि कर्णाने ती घटोत्कचावर सोडली. घटोत्कच पडला, पण पुढे अर्जुनाशी गाठ पडली तेव्हा कर्णापाशी ती शक्ती उरली नव्हती. आपल्या रुग्णालयांतील अतिदक्षता विभागांत आज हीच कथा निराळ्या रूपात घडते आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली प्रतिजैविकांचे तीन गट पाडले. नेहमीच्या संसर्गावर प्रथम वापरायची औषधे ‘अ‍ॅक्सेस’ गटात, ज्यांच्या वापरावर विशेष लक्ष ठेवायचे ती ‘वॉच’ गटात आणि अन्य उपाय थकल्यावरच बाहेर काढायची ती ‘रिझर्व्ह’, म्हणजे राखीव गटात. कोलिस्टिन हे या राखीव गटातले. मूत्रपिंडांना अपायकारक म्हणून १९७० च्या दशकात ते जवळजवळ अडगळीत गेले होते. त्याहून सौम्य औषधांना जंतू दाद देईनासे झाले, म्हणून ते पुन्हा हाती घ्यावे लागले.

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये देशातील २० मोठ्या रुग्णालयांतील ९,६५२ रुग्णांची पाहणी केली. सुमारे ७२ टक्के रुग्णांना प्रतिजैविके दिली जात होती. लिहून दिलेल्या प्रतिजैविकांत ‘अ‍ॅक्सेस’ गटातील ३८ टक्के, ‘वॉच’ गटातील ५७ टक्के आणि राखीव गटातील २ टक्के होती. दोन टक्क्यांचा आकडा वरकरणी दिलासा देतो. परंतु त्याच पाहणीत असेही आढळले की, उपचारासाठी दिलेल्या प्रतिजैविकांपैकी ९४ टक्के जंतूची निश्चिती होण्यापूर्वीच, अनुमानाने दिलेली होती. खरा धोका येथे आहे. मधल्या फळीतील औषधे अशी अनुमानावर उधळली की ती निकामी होतात आणि मग राखीव औषधाला हात घालण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

यावर डॉक्टरांचे म्हणणे असे की, रुग्ण अत्यवस्थ असताना अहवालाची वाट पाहता येत नाही. ते खरेच आहे. कल्चरच्या अहवालास दोन-तीन दिवस लागतात आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला रुग्ण तितका वेळ देत नाही. परंतु पहिल्या मात्रेपूर्वी तपासणीचा नमुना घेणे आणि अहवाल हाती येताच औषध बदलणे वा थांबवणे, याला कोणाची आडकाठी आहे? अनुमानाने सुरू केलेले औषध अनुमानानेच दहा दिवस चालवणे हा उपचार नव्हे.

शासनाने काही पावले उचलली आहेत. मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ मधील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे विक्रेत्यांना बंधनकारक झाले. कुक्कुटपालनासह पशुपालनातील कोलिस्टिनच्या वापरावर २०१९ मध्ये बंदी आली. प्रतिजैविक लिहून देताना त्याचे कारणही लिहावे, असे आवाहन आरोग्य सेवा महासंचालकांनी जानेवारी २०२४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना केले. तथापि दुकानाच्या फळीवर चालणारा कायदा रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचत नाही. तेथे सुसज्ज प्रयोगशाळा हवी आणि राखीव औषध देण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाची संमती घेण्याची शिस्त हवी. जिल्हा रुग्णालयांत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे पद भरणे हे नवी इमारत उभारण्याइतकेच निकडीचे मानले पाहिजे.

कर्णाचा हात अधीर झाला तो भोवतालच्या आकांताने. अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळणारे आप्त ‘सर्वांत भारी औषध द्या, पैशांची काळजी नको’ असे विनवतात, तेव्हा तोच आकांत डॉक्टरांच्या कानी पडत असतो. त्यामागची माया समजण्यासारखी आहे. पण त्या मायेने दोन प्रश्न विचारावेत: कल्चरसाठी नमुना पाठवला का? आणि अहवाल आल्यावर याहून साधे औषध देता येईल का? हे प्रश्न आदराने विचारले, तर कोणताही सुजाण डॉक्टर त्यांचे स्वागतच करील.