रानांतील ओळख : गुंज

माहूरच्या देवीचें दर्शन घेऊन मंडळी घरीं परतली, कीं मुलांच्या खिशांतून कधीं कधीं मूठभर गुंजा निघतात. लाल अंग आणि टोकाशीं काळा डाग! अशी देखणी वस्तु मुलांच्या हातून काढून घेववत नाहीं. म्हणूनच घरांतील वडील माणसांनीं तिची नीट ओळख करून घेतली पाहिजे.

गुंज ही वाल-तुरीच्या कुळांतील वेल. नांदेड जिल्ह्यांत किनवट-माहूरच्या सागवानी जंगलाच्या कडेला ती झुडपांवर चढलेली आढळते. लातूरकडील उघड्या काळ्या रानांत मात्र ती ओढ्याकाठचा झाडोरा किंवा जुनें कुंपण यांच्या आधारानें राहते. तिचें पान चिंचेच्या पानासारखें. लहान पर्णिका जोडीजोडीनें, शेवटीं एकटी पर्णिका नाहीं. पावसाळा सरतांना फिकट गुलाबी-जांभळीं फुलें दाट घोसांत येतात. हिवाळ्यांत शेंगा वाळून उकलतात व बिया त्यांना तशाच चिकटून राहतात. बी सर्वांगीं तांबडी असून झाड मोठें असेल, तर ती थोरली गुंज, ती निराळी.

८ गुंजांचा मासा व १२ माशांचा तोळा, हा सोनाराचा जुना हिशेब. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं व गुंज तराजूंतून उतरली. पण मुलांच्या खेळांत आणि माळांत ती राहिलीच.

विड्यांतील गोड गुंजपाला याच वेलीचा; पण पाल्याच्या गोडीवरून बीची परीक्षा करूं नये. बींत ॲब्रिन नांवाचें जहाल विष असतें. आयुर्वेदानेंही गुंजेची गणना उपविषांत केली आहे. टणक कवच शाबूत असलें, तर गिळलेली बी बहुधा न पचतां बाहेर पडते. परंतु चावलेली, फोडलेली किंवा माळेसाठीं भोंक पाडलेली बी प्राणघातक ठरूं शकते. तेव्हां ओवलेली गुंज सुट्या गुंजेहून अधिक भयंकर समजावी.

वांत्या व रक्ताचे जुलाब कांहीं तासांनीं, क्वचित् एक-दोन दिवसांनींही सुरू होतात. या विषावर खास उतारा नाहीं. म्हणून मुलानें बी तोंडांत घातल्याचा संशय येतांच, घरगुती उपाय करीत न बसतां, उरलेल्या गुंजा बरोबर घेऊन त्याला तडक रुग्णालयांत न्यावें.

वेल मात्र उपटूं नये. मुलांना ती रानांतच दाखवावी, तिचें नांव व गुण सांगावे, आणि गुंजा तेथेंच ठेवून घरीं यावें.