डांबराखालची माती

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, परंडा तालुक्यातील कित्येक गावांचा संपर्क तुटला आणि अडकलेल्या माणसांना सोडविण्यासाठी हेलिकॉप्टर धाडावे लागले. अशा आपत्तीनंतर रस्तेदुरुस्तीची मागणी होते, ती रास्तच होय. परंतु दुरुस्ती म्हणजे डांबराचा नवा थर, ही शासनात व लोकांत रूढ झालेली समजूत आम्हांस घातक वाटते.

डांबरी रस्ता चाकाचा भार खडी-मुरमाच्या थरांतून पसरवीत अखेर खालच्या मातीवर सोपवितो. माती जितकी दुबळी, तितके थर जाड हवेत. सीनाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शेतकऱ्याची जी लक्ष्मी, तीच रस्त्याची वैरीण! मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून सी. बी. आर. चाचणीने तिची ताकद मोजतात. काळ्या मातीचे प्रमाण पुष्कळदा दोन-तीन टक्केच भरते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१८ च्या नियमांनुसार वर्दळीच्या रस्त्याखाली ते किमान पाच टक्के हवे. ही तूट चुना मिसळून अथवा उत्तम मुरूम दाबून भरावी लागते. वरच्या डांबराने ती झाकली जाते, भरून निघत नाही.

दुसरा प्रश्न भाराचा. आसावरील भार दुप्पट झाल्यास रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, असे अमेरिकेतील १९५८ ते १९६० च्या प्रयोगांतून दिसून आले. आपल्याकडे ८.१६ टनांचा आस प्रमाण मानतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टनांवर नेली. वरील हिशेबाने असा एक आस जवळजवळ चार प्रमाण आसांइतकी झीज करतो. उसाच्या मोसमात याहूनही अधिक भरलेल्या वाहनांविषयी काय बोलावे? आणि कडेला गटार नसेल, तर मुरलेले पाणी उरलेले काम पुरे करते.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. कामाच्या फलकावर खर्चाच्या आकड्याबरोबर मातीच्या चाचणीचे फलित, गृहीत धरलेली वाहतूक आणि रस्त्याचे अपेक्षित आयुष्य लिहिले जावे. पैसा जनतेचा आहे; तो कशावर ओतला जातो, हे जाणण्याचा तिला हक्क आहे. किती किलोमीटर डांबर टाकले, याचा अभिमान नंतर मिरवावा. त्याखाली काय आहे, हे आधी सांगावे.